आज कोनाची बारी?

अजूनही कुठे भर उन्हात रस्त्यावरचा दिवा जळताना दिसला की मला विजेच्या खांबावर काठी आपटल्याचा आवाज ऐकू येतो. ठण्, ठण्. आणि त्यामागून तो खणखणीत, किंचित चिडका सवाल, "आज कोनाची बारी हाय बे?" सवाल करणारे काकाजी आता राहिले नाहीत. खांब आहेत. दिवे तर इतके आहेत की विचारू नका.

काकाजी माझे घरमालक. वर्धा जिल्ह्यात हिंगणीच्या पुढे, बोर धरणाच्या अंगाला असलेल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या घराची पुढची खोली मला भाड्याने मिळाली. मी खानदेशातला. वऱ्हाडी बोली कानावर पडलेली नव्हती आणि काकाजींसारखा माणूस तर स्वप्नातही पाहिलेला नव्हता. खोली बघायला गेलो तर भाड्याचं राहिलं बाजूला, आधी त्यांनी मला खिडक्या दाखवल्या.

"हे पूर्वेची. सकाळी इथं बसजा. हे पश्चिमेची. संध्याकाळी इथं बसजा. मंग बल्ब कायले लागते तुमाले?"

मी चाचरत म्हणालो, रात्री वाचायला लागेल.

"रात्री लावा ना. रात्री मी कोनाले काई म्हनत नाई."

आणि खरंच म्हणत नसत. ही त्यांची गंमत लोकांना कधी कळली नाही. लोक त्यांना कंजूष समजत. पण रात्री एखादा खांब अंधारात असला तर लाइनमनच्या दारात पहिले काकाजी उभे राहत. गावाला जंगल लागून, वाघ कधी येईल ते वाघालाच माहीत. "रात्रीचा दिवा म्हंजे राखनदार," असं ते म्हणत. त्यांचं वैर होतं ते उजेडातल्या दिव्याशी, रिकाम्या खोलीतल्या पंख्याशी आणि पाणी उकळून गेल्यावरही खाली धडधडणाऱ्या शेगडीशी. सकाळी मी अंघोळीला गेलो आणि खोलीतला पंखा चालू राहिला की न्हाणीच्या दारावर टकटक व्हायची. "मास्तर, पंखा कोनाले वारा घालून राह्यला?" अंगाला साबण लागलेला माणूस या प्रश्नाला काय उत्तर देणार? पहिले काही महिने मला त्यांचा भयंकर राग यायचा. नंतर असं झालं की पंखा बंद केल्याशिवाय मला खुर्चीतून उठताच येईना. माझ्या बायकोला ही सवय आजही रोग वाटते.

वर्धा जिल्हा म्हटला की बाहेरच्या माणसाला लगेच आश्रम, सूतकताई, साधी राहणी वगैरे आठवतं. काकाजींना कुणी त्या माळेत ओवलं की ते उखडत. "मी कोनाचा चेला नाई. मले बिडी लागते, इतवारी मटन लागते. मी चक्कीवाला मानूस हाय." हे खरं होतं. त्यांच्या बापजाद्यांचं किराणा दुकान, त्याला जोडून त्यांनी स्वतः टाकलेली पिठाची चक्की. मी गेलो तेव्हा चक्की बंद झाली होती, पण तिच्या गोष्टी गावात चालूच होत्या. पुरेसे डबे जमल्याशिवाय काकाजी मोटार सुरू करत नसत. बाया ज्वारीचा डबा घेऊन उन्हात ताटकळायच्या, शिव्या घालायच्या, आणि काकाजी बिडी ओढत ओट्यावर बसून सांगायचे, "रिकामी चक्की फिरली का दगड दगडाले खाते, बाई. थांब जराशी."

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. ग्रामसभेत कुणी भाषण लांबवलं की मागून आवाज यायचा, "रिकामी चक्की!" एकदा मी ओसरीवर बसून माझ्या बदलीचं रडगाणं गात होतो, तर त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दळन संपलं मास्तर. आता दगडच घासून राह्यले तुमी."

घरात त्यांचा सर्वात मोठा प्रयोग म्हणजे पेटी. एक जुनी लाकडी पेटी, तिच्यात गच्च कापूस भरलेला, मधोमध भांड्याएवढा खळगा. तुरीच्या डाळीला एक उकळी आली की शेगडी बंद. पातेलं झाकण लावून त्या खळग्यात, वरून कापसाची गादी. दुपारपर्यंत वरण शिजून तयार. काकू, म्हणजे त्यांची बायको, फार कमी बोलायच्या, पण बोलल्या की नेमकं बोलायच्या. "सारी दुनिया वरन शिजवते," त्या मला म्हणाल्या, "हे अंड्यावानी उबवतेत." मी ते वरण रोज खाल्लं आहे. तसं मऊ वरण मला पुन्हा मिळालं नाही, आणि ते आवडतं हे मी काकूंना एकदा सांगितलंही होतं. त्या म्हणाल्या, "ह्यायच्या म्होरं नोका सांगू. आंघोळीचं पानीई पेटीत ठेवतीन."

खांबावरच्या काठीची कथा मात्र घरातली नव्हती, ती अख्ख्या गावाची होती.

माझ्या आधी कधीतरी एका उन्हाळ्यात गावाच्या नळाच्या मोटारीची लाइन वीजवाल्यांनी तोडली होती. पंचायतीचं बिल थकलेलं. बायांनी अख्खा उन्हाळा नाल्यापलीकडच्या एका शेतातल्या विहिरीवरून गुंडांनी, म्हणजे मोठ्या हंड्यांनी, पाणी वाहिलं. पितळेचा तो गुंड रिकामा असतानाच मला जड वाटायचा. काकाजी तेव्हा पंचायतीत निवडून आलेले होते. त्यांनी बिलं पाहिली आणि त्यांच्या लक्षात आलं की पंचायत दोन गोष्टींचे पैसे भरते, रस्त्यावरच्या दिव्यांचे आणि नळाच्या मोटारीचे. आणि दिवे दिवसाही जळत होते, कारण ते बंद करायला बटनच नव्हतं. "आपन सूर्याले दिवा दाखवतो," ते ग्रामसभेत म्हणाले, "अन् आपल्या बाया नाल्यावर जातेत."

मग त्यांनी लाइनमनच्या मागे लागून प्रत्येक गल्लीला एक बटन बसवून घेतलं. पावसापासून राखायला तेलाच्या पिप्याचा पत्रा कापून त्याची छोटी पेटी केली. आणि बारी लावून दिली. ज्या घराची बारी, त्या घराने संध्याकाळी दिवे लावायचे, पहाटे फटफटलं की बंद करायचे. कुणाची बारी हे विसरायला नको म्हणून बंद चक्कीचा पट्टा कापून त्याचे तुकडे केले. गल्लीत ज्याची बारी त्याच्या दाराच्या खिळ्याला तो तुकडा लटके. सकाळी दिवे बंद केले की तुकडा शेजारच्या दाराला. नवीन सून घरात आली की सासू तिला देवघर दाखवायची, पाणवठा दाखवायची आणि पट्ट्याचा खिळा दाखवायची. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

काकाजी रोज पहाटे काठी घेऊन निघत. सूर्य वर आला आणि एखाद्या गल्लीत दिवा राहिला की ठण् ठण्. "आज कोनाची बारी हाय बे?" आतून कुणीतरी धोतर सावरत पळत येई. "झोप लागली काकाजी." काकाजी बटनाला स्वतः हात लावत नसत. तो मान बारीवाल्याचा. ते फक्त उभे राहत, आणि दिवा विझला की पुढे जात. नळाच्या मोटारीची लाइन मग कधी तुटली नाही.

याला किती वर्षं लागली असतील? ते मला सांगत, "मास्तर, दिवा लावाले अक्कल नाई लागत. इझवाले लागते. अन् ते अक्कल एका दिवसात नाई येत." गावाला ती आली होती. मी गेलो तेव्हा काठी वाजण्याचे दिवस महिन्यातून एखाददुसरेच उरले होते. काकाजी फेरी मारत ते आता तपासायला नव्हे, पाहायला. विझलेल्या दिव्यांखालून तो माणूस ज्या डौलाने चालायचा, त्या डौलाने मी कुणा जमीनदाराला त्याच्या शेतातून चालताना पाहिलेलं नाही.

मग ते अनुदान आलं.

गावागावांनी वीज वाचवावी म्हणून सरकारने पैसे देऊ केले होते. रस्त्याला कमी विजेचे दिवे, नळाला सोलर पंप. गावाने प्रस्ताव करायचा, वाचवण्याची तयारी दाखवायची. आमची नळाची मोटार तेव्हा जुनी होऊन महिन्यातून एकदा तरी जळत होती. मोटार नव्या तारा भरायला हिंगणघाटला किंवा वर्ध्याला गेली की बाया पुन्हा नाल्यापलीकडे. सरपंचबाई तरुण होत्या, गावात सून म्हणून आलेल्या आणि कामाला वाघीण. काकाजी त्यांना सूनबाई म्हणत आणि त्यांच्यावर लेकीसारखा जीव लावत. त्या धावत आल्या. "काकाजी, हे तं आपल्यासाठीच हाय! आपल्यासारकं गाव कोनतं हाय जिल्ह्यात?"

काकाजींनी इस्त्रीचा सदरा काढला. इस्त्री म्हणजे रात्रभर गादीखाली ठेवलेला.

वर्ध्याहून साहेब पाहणीला आले. चांगला माणूस होता, उगाच दोष देणार नाही. काकाजींनी त्यांना गल्ल्या दाखवल्या, पत्र्याच्या पेट्या दाखवल्या, पट्ट्याचे तुकडे दाखवले. साहेबांनी मोबाईलवर सगळ्याचे फोटो काढले. काकूंचं वरण खाल्लं, पेटीत डोकावून पाहिलं, "कमाल आहे" म्हणाले. मग ओसरीवर बसून पंचायतीची बिलं चाळली आणि त्यांचा चेहरा पडला.

"काकाजी, खरं सांगू का? नियम असा आहे की मागच्या वर्षी जेवढी वीज जळली, त्यातली किती वाचवणार ते दाखवायचं. जेवढी बचत जास्त, तेवढा नंबर वर. तुमच्या गावात वाचवायला काही उरलंच नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही आधीच वाचवून बसलात."

काकाजींना ते कळायला वेळ लागला. त्यांनी मग शेजारच्या एका गावाचं नाव घेतलं, जिथे दिवे रात्रंदिवस जळत. "त्यायले भेटन?"

साहेब मान खाली घालून म्हणाले, "त्यांचा प्रस्ताव चांगला आहे."

काकाजी हसले. मला वाटलं होतं चिडतील. म्हणाले, "आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते. मी जन्मभर चक्की चालवली साहेब, पन ही म्हन आज समजली."

साहेब जाताना सरपंचबाईंना अंगणात हळूच काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते मी ऐकलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सरपंचबाई ओसरीवर येऊन बसल्या तेव्हा सगळ्यांनाच कळलं. त्या बराच वेळ पदराचं टोक पिळत होत्या.

"काकाजी, एक साल. फक्त एक साल डोळे मिटा. दिवे जळू द्या दिवसा. बिल वाढू द्या. पुढच्या साली आपन प्रस्ताव टाकू, अन् मंग बंद करू. बचतच बचत दिसन."

पेटवलेली बिडी त्यांच्या बोटांत तशीच विझली.

"सूनबाई," ते शेवटी म्हणाले, "म्हंजे वाचवाचे पैसे भेटावं म्हनून आधी उधळाचं?"

"हो."

"हे तुले बरोबर वाटते?"

"नाई वाटत," सरपंचबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "पन मोटार आता फार दिवस टिकत नाई काकाजी. लिहून घ्या तुमी माह्याकडून."

काकाजी उठून आत गेले. चार दिवस असेच गेले. गावातले लोक येत, बसत, उठून जात. ग्रामसभा बोलावून ठराव करता आला असता, पण सरपंचबाईंनी तो केला नाही. काकाजी हो म्हणाल्याशिवाय गावात एकाचाही हात ते बटन चालू ठेवणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी बाहेरगावचा, माझं मत कुणी विचारलं नाही.

त्या आठवड्यात मोटार जळली. काकू गुंड घेऊन नाल्याकडे गेल्या. परत आल्या तेव्हा काकाजी ओसरीवर होते. काकूंनी गुंड त्यांच्या समोर आदळला, पाणी त्यांच्या पायावर उडालं.

"माह्या गुडघ्याले इचारा," काकू म्हणाल्या. "इचारा, तुमचा दिवा मोठा का हा गुंड मोठा."

काकाजींनी त्या गुंडाकडे पाहिलं. मग ओल्या पायांकडे पाहिलं. "जाळा," ते म्हणाले. दोन अक्षरं. ती म्हणताना त्यांचा आवाज असा होता की काकू आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी दात घासत अंगणात उभा होतो. काकाजी सवयीने काठी घेऊन निघाले. आमच्याच गल्लीतला दिवा उजाडल्यावर तसाच जळत होता. ते खांबापाशी थांबले. काठी उचलली, पण आपटली नाही. मग ज्या बटनाला त्यांनी कधी हात लावला नव्हता, त्याच्याकडे त्यांचा हात गेला. पत्र्याच्या पेटीपर्यंत. तिथे तो जरा वेळ राहिला आणि खाली आला. गल्लीतल्या बाया दारात उभ्या होत्या, त्या सगळ्या एकदम आत गेल्या. कुणालाच ते पाहवलं नाही.

त्यानंतर काकाजी पहाटे मागच्या दाराने, गोठ्यांच्या वाटेने शेतात जाऊ लागले. त्या वाटेवर खांब नव्हते. परत यायचे ते दुपारी, डोक्यावर दुपट्टा भुवयांपर्यंत ओढून. काही दिवस अल्लीपूरला लेकीकडे राहून पाहिलं, लवकरच परत आले. "तिथंई दिवे जळतेत," एवढंच म्हणाले.

गावाचं काय झालं, ते सांगायला मला जड जातं. सुरुवातीला लोकांना लाज वाटायची. सकाळी जळत्या दिव्याखालून जाताना मान खाली घालायचे. माझ्या वर्गातली पोरं विचारायची, गुरुजी, खरंच बंद नाही करायचा? मग हळूहळू लाज गेली. मग मजा वाटू लागली. बिल वाढवायचंच आहे, तर मनसोक्त वाढवू. चौकात मोठा हॅलोजन लागला. दुकानदारांनी पंचायतीच्या तारेवरून बल्ब ओढले. मारुतीच्या देवळात पंखा बसवला, तो चोवीस तास फिरायचा. हे ऐकून काकाजींच्या तोंडून त्या वर्षातली एकच चेष्टा बाहेर पडली. "वाऱ्याच्या पोराले पंखा!" ते म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत.

पट्ट्याचे तुकडे ज्या दारांना लटकले होते, तिथेच राहिले, कारण बारी पुढे सरकतच नव्हती. उन्हात वाळले. मग एकेक दिसेनासे झाले. एक मला एका गोठ्याच्या दाराला बिजागरी म्हणून ठोकलेला दिसला. एक खाटेच्या डगमगत्या पायाखाली. वस्तू चांगली होती, कामाला आली.

प्रस्ताव मंजूर झाला. बचत भरपूर दिसत होती. नवे दिवे आले, नळाच्या टाकीजवळ सोलर पंप बसला. उद्घाटनाला तेच साहेब आले. सरपंचबाईंनी हट्ट धरून पंपाचं बटन काकाजींच्या हातून दाबवलं. पाणी आलं. काकाजी ओंजळीत घेऊन प्यायले, मग काकूंकडे पाहून म्हणाले, "पानी गोड हाय." काकू रडत होत्या. त्या दिवसापासून त्या गावात पाणी थांबलेलं नाही, हे मी मुद्दाम लिहितो. ज्यांना हा सगळा मूर्खपणा वाटतो, त्यांनी उन्हाळ्यात डोक्यावर गुंड घेऊन नाला ओलांडून पाहावा. मलाही आजपर्यंत सांगता येत नाही की त्या दिवशी काकाजींनी नाही म्हणायला हवं होतं. तेच तर वाईट आहे. चुकीचं म्हणावं तर पाणी समोर वाहतं आहे, आणि बरोबर म्हणावं तर जीव तयार होत नाही.

"काकाजी, साल झालं," सरपंचबाई त्या दिवशी म्हणाल्या. "आता तुमी म्हनसान तसं."

दुसऱ्या दिवशी पहाटे काकाजी पुढच्या दाराने निघाले. मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेलो. वर्षभरानंतर काठी वाजली. ठण्, ठण्. "आज कोनाची बारी हाय बे?"

कुणी आलं नाही. त्यांनी पुन्हा काठी आपटली. शेजारच्या घरातून एक माणूस ब्रश तोंडात धरून बाहेर आला. कधी काळी धोतर सावरत पळत येणाऱ्यातलाच.

"काकाजी, राहू द्या ना. हे नवीन दिवे हायेत. काई बिल येत नाई याचं. अन् आलं तं सरकार भरन."

"बटन बंद कर."

"बटन नाई याले."

काकाजींना खरं वाटेना. त्यांनी खांबाच्या मागे जाऊन पाहिलं. पत्र्याची पेटी काढून टाकलेली होती, तिच्या खिळ्यांची भोकं तेवढी उरली होती. नवे दिवे ठेकेदाराच्या माणसांनी थेट तारेवरून जोडले होते. उजेड पडला की आपोआप विझतात म्हणे. त्यातले काही विझत, बरेचसे विझत नसत. आम्ही सगळ्या गल्ल्या फिरलो. प्रत्येक खांबामागे जाऊन काकाजींनी हात फिरवून पाहिला. घरी आल्यावर त्यांनी काठी कोपऱ्यात उभी केली आणि बिडी पेटवली.

"रिकामी चक्की," ते म्हणाले. कुणाला म्हणाले, मी विचारलं नाही.

माझी पुढे तळेगाव श्यामजी पंतला बदली झाली. काकाजींकडे जाणं दिवाळीपुरतं उरलं. शेवटचा गेलो तेव्हा ते ओसरीवर बसले होते, आणि बरोबर समोरच्या खांबावर भर दुपारी दिवा जळत होता. मला राहवलं नाही. "काकाजी, दिवा चालू आहे."

"असू द्या," ते म्हणाले. "तुमी चहा घ्या."

त्यांनी वर पाहिलंदेखील नाही. मी तो चहा कसा प्यायलो ते मला माहीत. त्यांनी मला शिवी दिली असती, नाही तर न्हाणीच्या दारावर टकटक केली असती, तर मी आनंदाने गेलो असतो. माणूस जिवंत असताना त्याच्यातला तोच माणूस विझलेला पाहणं फार अवघड असतं.

ते गेल्याची बातमी मला उशिरा कळली. मी पोचलो तेव्हा माती होऊन काही दिवस झाले होते. गल्लीत शिरताना खांबाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. जळत होता.

काकू मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. काकाजींचा जीव जिथे गेला तिथे रिवाजाप्रमाणे समई तेवत होती. दहावा होईपर्यंत ती विझू द्यायची नसते. बाहेर रखरखीत ऊन, पूर्वेची खिडकी उघडी, पश्चिमेचीही उघडी, आणि त्या उजेडात ती ज्योत दिसतही नव्हती. तिच्या वरची हवा तेवढी हलत होती. त्या घरात दिवसा जळणारा दिवा मी पहिल्यांदा पाहत होतो.

"मले रातभर झोप नाई मास्तर," काकू म्हणाल्या. "मले वाटते, आता उठतीन अन् फुकतीन."

त्यांनी उठून मला नळाचं पाणी आणून दिलं. मी ते प्यायलो. मग काकूंनी समईजवळून काहीतरी उचललं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. चक्कीच्या पट्ट्याचा तुकडा होता. काळा, कडक, वर खिळ्याचं भोक. आमच्या गल्लीचा. जन्मभर नवऱ्याच्या या खुळाला नावं ठेवणाऱ्या त्या बाईने तो जपून ठेवला होता, आणि घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांत दिवा राखायची बारी त्याच तुकड्याने लावून दिली होती.

"तेल घाला," त्या म्हणाल्या. "आज तुमची बारी."

मी बुधली उचलली. समईत थोडं तेल ओतलं आणि सवयीने थांबलो.

"घाला, घाला अजून," काकू म्हणाल्या. "आता काई म्हनत नाईत हे."